चोचीतली सापसुरळी

तिबोटी खंड्याची मी काढलेली छायाचित्रे पाहून लोक हमखास विचारतात, ‘चोचीत सापसुरळी धरलेला फोटो तुमच्याकडे कसा नाही?’ प्रश्न रास्त आहे, कारण पावसाळ्यात कोकणात या पक्ष्याची जी छायाचित्रे काढली जातात, त्यांतील पुष्कळशी तशीच असतात. तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो.

खंड्या स्वतःसाठी भक्ष्य पकडतो तेव्हा ते फांदीवर आपटतो आणि डोके आधी घशात जाईल असे फिरवून गिळतो. डोके चोचीबाहेर ठेवून तो बसला असेल, तर तो घास बहुधा पिल्लांचा असतो. म्हणजे असे छायाचित्र मिळते ते घरट्याजवळ; आणि घरटे म्हणजे ओढ्याकाठच्या किंवा रस्त्यालगतच्या दरडीत खणलेले बीळ, ज्याचे तोंड एकदा कळले की पक्षी कुठे येणार हे शोधावेच लागत नाही.

मीही ते केले आहे. सुरुवातीच्या एका पावसाळ्यात मी दरडीपासून वीसेक पावलांवर, पुरेसा लांब आहे अशा समजुतीने, झुडपाआड बसलो होतो. पक्षी आला, पण बिळात न शिरता समोरच्या फांदीवर डोके वरखाली करत बसला, उडाला, पुन्हा आला. असे बराच वेळ चालल्यावर त्याने सापसुरळी चोचीत फिरवली आणि स्वतःच गिळून टाकली. त्या दिवशीची सगळी छायाचित्रे मी पुसून टाकली.

आता मी घरट्यापासून दूर, ओढ्याच्या वळणावर बसतो. चिमणीहून लहान असलेला हा पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो: बारीक, धारदार शीळ, आणि पाठोपाठ पाण्यालगत सरळ जाणारी नारिंगी-जांभळी रेघ. झाडीखाली, त्यातून पावसात, उजेड इतका थोडा असतो की एक साठांश सेकंदाचा शटरचा वेग मिळाला तरी समाधान मानावे लागते. फ्लॅश मी वापरत नाही. सुदैवाने खंड्या फांदीवर बसला की कधी कधी मिनिटभर हलत नाही, आणि तिवई असेल तर तेवढ्यात काम होते. बहुतेक दिवशी मात्र शीळ तेवढी पदरात पडते. जी छायाचित्रे मिळाली, त्यांत त्याची चोच रिकामी आहे आणि नजर पाण्यावर आहे.