कन्हानची रेती, तिसरी फेरी: टर्नची अंडी दिसली

शेवटी दिसली! मार्चपासून ही तिसरी फेरी. रिव्हर टर्न, म्हणजे आपला नदी सुरय हा पाणपक्षी, त्याचं घरटं. घरटं काय म्हणा, रेतीत वाटीएवढा खड्डा अन् त्यात तीन ठिपकेदार अंडी, उघड्यावर.

पहाटे पाचला नागपूरवरून निघालो, खापरखेड्याच्या पुढे गाडी लावली आणि पेंच अन् कोलार या नद्या कन्हान नदीला मिळतात ना, त्या बिना संगमाच्या पट्ट्यात चालायला लागलो. नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाहीये, फोटोवाल्यांची गर्दी झाली की पक्षी घरटं सोडून देतात.

आधीच्या दोन्ही फेऱ्यांत मी पाण्याच्या कडेकडेनं चालतच राहिलो, टर्न उडताना भरपूर दिसायचे, बसताना एकही नाही. या वेळी डांगरवाडीतले, म्हणजे नदीच्या रेतीतल्या टरबुजाच्या वाडीतले एक काका म्हणाले, "भाऊ, तुमी फिरू नका, इथंच बसा, पाखरू सोताहून येते." त्यांच्या मांडवाखाली मित्राचा स्कोप (लांबचे पक्षी बघायची दुर्बीण) लावून पाऊण तास बसलो, त्यांनी टरबूज कापून दिलं, आणि मधल्या बेटावर एक टर्न उतरला, पिवळी चोच, काळी टोपी, चार पावलं चालला अन् बसला. बस, तीच जागा.

साडेआठला रेती सँडलमधून पोळायला लागली. तेव्हा तो उठला, धारेवरून अगदी खाली उडत पोटाची पिसं भिजवली आणि ओलाच येऊन अंड्यांवर बसला. थोड्या वेळानं परत तेच. खड्ड्याच्या काठची रेती ओली होऊन काळपट झालेली स्कोपमधून दिसत होती, मी कितीतरी वेळ तेवढंच बघत होतो.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून यायचाय अन् पारा आत्ताच ४४ वर, अशात पक्ष्याला उठवून ठेवलं तर अंडी गेलीच समजा. मागच्या वर्षी टिटवीच्या अंड्यांच्या फोटोसाठी मी चांगली वीस मिनिटं जवळ बसलो होतो, ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती, ते आठवून फार वाईट वाटलं. आता ठरवलंय, ऊन चढल्यावर रेतीवर पायच ठेवायचा नाही.

बाकी यादी: कंठेरी चिखल्या दोन जोड्या, स्मॉल प्रॅटिनकोल तीसेक, मोठा करवानक एक. ब्लॅक-बेलीड टर्न यंदाही शून्य. तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त आहेच, रिव्हर टर्नही २०२० पासून असुरक्षित गटात गेलाय.

काळजी एकच. अलीकडच्या काठावर रेतीच्या ट्रॅक्टरची ताजी चाकं उमटलीत, चिखल्याचं एक घरटं त्यांच्यापासून जेमतेम चार हातांवर आहे. बेटाभोवतीची धार गुडघ्याच्या वर आहे तोवर तिकडे ना ट्रॅक्टर जाणार ना कुत्री. काकांनी धारेत काठी रोवलीय, पाणी उतरलं की फोन करतो म्हणाले.