पुडी होती, पण सोयाबीनची

द्विदल पीक घेतलं की जमिनीला आपोआप नत्र (नायट्रोजन) मिळतं, असं मी धरूनच चाललो होतो. पहिल्यांदा हरभरा पेरला तो अशा रानात, जिथे पूर्वी कधीच हरभरा नव्हता. सोयाबीनच्या वेळची रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूंची, पुडी उरली होती, तीच बियाण्याला चोळली. जिवाणू तो जिवाणू, असा हिशेब!

महिन्याभरात पीक पिवळं पडलं. रोप उपटलं तर मुळं पांढरी, गुळगुळीत, गाठीचं नाव नाही. (उपटून बघणंही चूकच. गाठी तुटून मातीत राहतात. कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढून मुळं पाण्यात हलकेच धुवायची.) घाबरून युरिया टाकला. पीक हिरवं झालं, पण मातीत आयतं नत्र मिळालं की झाड गाठी करायच्या भानगडीत पडत नाही. म्हणजे उरलीसुरली आशाही मीच घालवली.

मग कळलं ते असं, की पिकागणिक जिवाणू वेगळा. सोयाबीनचा हरभऱ्याला चालत नाही, हरभऱ्याचा सोयाबीनला नाही. मूग, उडीद, चवळी, तूर, भुईमूग यांचं मात्र बरंचसं एकमेकांच्या जिवाणूंवर भागतं. राजमा या बाबतीत आळशीच, त्याला वरून नत्र द्यावं लागतं.

दुसऱ्या वर्षी हरभऱ्याचीच ताजी पुडी आणली. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार केलं, त्यात पुडीतलं जिवाणूंचं संवर्धक कालवलं, बियाण्याला हलक्या हाताने लावलं, सावलीत सुकवलं आणि लगेच पेरलं. बुरशीनाशक त्याआधीच लावून झालं होतं. उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात आणि आपण नुसता गूळ पेरतो.

पाच आठवड्यांनी मुळं धुतली. सोटमुळाला चिकटून गाठी होत्या. नखाने फोडली तर आत गुलाबी! हा रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या लाल द्रव्याचा. गुलाबी म्हणजे गाठ काम करतेय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. खोलगट कोपऱ्यात, जिथे पाणी साचायचं, तिथल्या हिरवटच निघाल्या. मुळांना हवा नसली की गाठीही गुदमरतात.

आता बेवड (आधीच्या पिकाने रानात मागे ठेवलेला कस) चांगला मिळणार म्हणून पुढच्या ज्वारीला खत निम्मं केलं. ज्वारी फिकी राहिली. कारण साधं होतं. नत्राचा मोठा वाटा दाण्यातून घरी आला होता, आणि काढणीला झाडं मुळासकट उपटून उरलेलंही मीच रानाबाहेर नेलं होतं. रानातच नत्र मुरवायचं तर ताग किंवा धैंचा अशी हिरवळीच्या खताची पिकं फुलोऱ्यात येताच गाडणं वेगळं, आणि दाण्यासाठी हरभरा घेणं वेगळं. तुरीचं थोडं बरं, ती उभ्या पिकातच भरपूर पाला गाळते.

यंदा हरभरा विळ्याने कापला, मुळं जमिनीतच ठेवली, भुसकटही रानात पसरलं. ज्वारीचं खत या वेळी थोडंच कमी करणार आहे, आणि एका पट्ट्यात अजिबात कमी करणार नाही, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल.