आमची वाटचाल : दिवाळीपासून आखाडापर्यंत

पुण्याच्या रविवार पेठेतील एका वाड्याच्या तळमजल्यावर आजोबांनी हिशेबाच्या वह्या बांधण्याचा कारखाना सुरू केला, तेव्हा आमच्या धंद्याला वर्षातून एकच हंगाम असे. नवरात्र बसले की रोजमेळ आणि खतावण्यांच्या ऑर्डरी येऊ लागत, आणि आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ज्या वह्या मांडायच्या त्या वसुबारसेच्या आत भुसारवाल्यांच्या, सराफांच्या आणि अडत्यांच्या पेढ्यांवर पोहोचल्याच पाहिजेत, असा दंडक होता. लाल कापडी पुठ्ठा, दोऱ्याची शिवण आणि आत निळ्या-तांबड्या रेघांचा जाड कागद, असे त्या वह्यांचे रूप होते. पहिले पान मात्र आजोबा मुद्दाम कोरे ठेवीत, कारण त्यावर गिऱ्हाईक कुंकवाने स्वस्तिक काढून ‘श्री’ लिहिणार असे. रेघा मारलेल्या पानावर ‘श्री’ चांगली दिसत नाही, हे त्यांचे मत. आम्ही ते आजही पाळतो.

त्या काळी प्राप्तिकरासाठी व्यापाऱ्याला आपले हिशेबी वर्ष निवडण्याची मोकळीक होती आणि आमचे बहुतेक गिऱ्हाईक दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवणारे होते. पुढे कायदा बदलला, 1 एप्रिल ते 31 मार्च हे एकच वर्ष सर्वांना लागू झाले, आणि 31 मार्च 1989 रोजी देशातील सगळ्या पेढ्यांचे करासाठीचे वर्ष प्रथमच एकाच दिवशी संपले. वडिलांच्या हाती तेव्हा नुकताच कारभार आला होता. पूजेची वही दिवाळीला जात राहिली, पण ती पातळ झाली. जाडजूड खतावणीची मागणी फाल्गुन-चैत्रात सरकली. एका हंगामाचे दोन झाले, याचा वडिलांना आनंद वाटला. आईला वाटला नाही, कारण आता दिवाळीबरोबर पाडव्यालाही घरात उभे राहण्याचे त्राण असलेला माणूस सापडेना.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे असा होता. गावभरच्या पेढ्यांना नव्या वर्षाची वही देणाऱ्या कारखान्याचा स्वतःचा जमाखर्च मागच्या साली उरलेल्या, कोपरे दबलेल्या वहीत लिहिला जाई. खांडेनवमी दिवाळीच्या ऐन गर्दीत येत असल्याने कटिंग मशीनला झेंडूची माळ पडायची, नारळ फुटायचा आणि दहा मिनिटांत त्याच माळेखाली पाते पुन्हा चालू व्हायचे. गीअरमध्ये अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या मी लहानपणी चिमट्याने काढल्या आहेत.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि ऐन आषाढात, म्हणजे जेव्हा आमच्याकडे शाळेच्या वह्या संपून शुकशुकाट असतो त्या दिवसांत, बिलबुकांसाठी रांग लागली. नव्या नोंदणी क्रमांकाची, कराचे वेगळे रकाने असलेली बिलबुके प्रत्येकालाच कालच हवी होती. महिनाभर छान गेला. त्यानंतर विवरणपत्रे संगणकावर भरावयाची म्हणून हिशेबही संगणकावर गेले आणि पुढच्या मार्चमध्ये खतावणीची मागणी उतरली. आम्ही त्यातून काहीही शिकलो नाही, हे येथे कबूल केलेले बरे.

2020 साली वह्यांच्या पाठीवर ‘2020-21’ असा सोनेरी ठसा मारण्याची कल्पना माझी होती. त्या वर्षी गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. निम्म्याहून अधिक माल कारखान्यातच राहिला, आणि वर्षाचा ठसा असल्यामुळे तो पुढच्या साली विकण्याचीही सोय उरली नाही. अखेरीस पुठ्ठे फाडून, आतील कागद तसाच ठेवून, आम्ही त्या सगळ्या वह्या नव्याने बांधल्या. हे काम पावसाळ्यात करावे लागले. दमट हवेत खळ लवकर सुकत नाही, पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो, म्हणून एक-एक थप्पी शिकंजात दोन-दोन दिवस ठेवावी लागली. आणि घाई करण्यासारखे काहीच नसल्यामुळे, वडिलांच्या काळापासून आमच्याकडे असलेल्या बाइंडरमामांनी त्या अवधीत कटिंग मशीन पूर्ण खोलले. आतून निघालेला कागदाचा भुसा, वाळलेले तेल आणि सुतळीचे तुकडे यांनी एक पोते भरले. मशीन पुन्हा जोडल्यावर कापाची जी धार आली, ती मी कारखान्यात पाहिलेली पहिलीच सरळ धार असावी.

तेव्हापासून दर वर्षी आषाढाचे पहिले चार दिवस आम्ही बाहेरचे काम घेत नाही. हे ठरवताना घरातून विरोध झाला. “आखाडात कोणी नवी सुरुवात करते का?” असे आत्याने विचारले. मामांनी तिला शांतपणे सांगितले, “ताई, सरकारने अख्खा जीएसटी आखाडात चालू केला, आपण तर नुसते तेल घालतोय.” त्या चार दिवसांत मशिने खोलून धुतली जातात, पाती धारेला जातात, रद्दीचे वजन होऊन कागद कुठे वाया गेला याचा हिशेब बसतो आणि शेवटच्या दिवशी माणसांची टेबले बदलतात. पाते सोडून बाकी सगळी कामे अदलाबदलीत येतात. पात्यावर नवखा हात बसवण्याचा प्रयोग आम्ही करणार नाही. पहिल्या वर्षी निम्मी मंडळी नाराज होती आणि एक जण आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. परंतु शिवणीवरच्या ताई घडीकामाला बसल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच दुपारी दाखवून दिले, की घडी अर्ध्या सुताने तिरकी पडत असल्यामुळेच त्यांचा दोरा इतकी वर्षे तुटत होता. शिवणाऱ्याने घडी घालणाऱ्याला हे कधी सांगितले नाही आणि त्यानेही कधी विचारले नाही. दोघांच्या टेबलांत अंतर होते अवघे सहा फुटांचे.

चैत्र ते फाल्गुन अशी दैनंदिनी काढण्याचे ठरले तेही अशाच एका आषाढात. साधारण मराठी वर्षाचे दिवस 354 किंवा 355 भरतात; रोजचे एक पान धरले तर सोळा पानांचे तेवीस फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले कागद), म्हणजे 368 पाने, पुरतात आणि पंचांगाच्या माहितीसाठी थोडी पाने उरतात. शके 1945 च्या दैनंदिनीसाठी मी त्याच हिशेबाने कागद मागवला. फर्मे घडीला आले तेव्हा मामांनी फाल्गुन शोधला आणि तो कुठेच सापडला नाही, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता, 22 मार्च 2023 ते 8 एप्रिल 2024 असे 384 दिवस होते आणि मी महिने बाराच धरले होते. दोन फर्मे नव्याने छापले, ठरलेल्या गिऱ्हाइकांना पाडव्यानंतर आठ दिवसांनी माल मिळाला, आणि ज्यांनी तरीही तो घेतला त्यांना आम्ही पैशांत सूट दिली.

कारखान्याचा स्वतःचा जमाखर्च आता नव्या वहीत असतो, पहिले पान कोरे असलेल्या. शके 1948 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे आणि दिवस पुन्हा 384 आहेत. कटिंग मशीनच्या मागच्या भिंतीवर मामांनी खडूने ‘पंचवीस फर्मे’ असे लिहून ठेवले आहे, आणि त्याखाली माझी सही घेतली आहे.