२४ इंची हर्क्युलिस : फ्रेमचा गंज गेला, लगमधला निघेना

जुन्या हर्क्युलिस सायकलची गंजलेली फ्रेम सायट्रिकच्या हौदात स्वच्छ करून तिला रेड ऑक्साइडचा प्रायमर मारला होता. आता हेड ट्यूबच्या (हँडल बसतं त्या पुढच्या नळीच्या) खालच्या लगवर, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या बाहीवर, तो फुगला आहे. नखाएवढे फुगे, आणि त्यांच्याखालून डाउन ट्यूबवर उतरलेला तपकिरी ओघळ. उजवा चेन स्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) बीबी शेलला, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या आडव्या नळकांड्याला, मिळतो तिथेही तोच प्रकार. बाकी सगळी फ्रेम ठणठणीत. टॉप ट्यूबवर नख मारलं तरी प्रायमर हलत नाही. म्हणजे प्रायमर वाईट नाही, हवाही सगळ्या फ्रेमला सारखीच दमट होती. बिघाड फक्त लगच्या कडेला आहे.

आधी सायट्रिकच्या हौदाबद्दल, कारण पहिला संशय त्याच्यावरच जाणार. प्रमाण असं होतं : एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक अॅसिड), त्यात थोडा थोडा करत ८४ ग्रॅम खायचा सोडा, आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. सोडा एकदम ओतला तर फेस हौदाबाहेर येतो. नुसतं लिंबूसत्व गंजाबरोबर चांगलं पोलादही खातं आणि वर काळपट थर सोडतं. सोडा घातल्यावर पीएच ५ च्या आसपास जातो, मग सायट्रेट गंजातलं लोह धरून ठेवतं आणि खालच्या धातूला फारसा धक्का लावत नाही. हौद विटांच्या चौकटीवर जाड ताडपत्री टाकून केला, पण चौकोनी न करता फ्रेमच्या आकाराचा त्रिकोणी. पाणी आणि सत्व दोन्ही जवळजवळ निम्म्यात भागतं.

त्या हौदाने दिलेल्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. सीट लगवरचा क्रमांक, जो गंजाखाली पार बुजला होता, तो पूर्ण वाचता येतोय. ग्राइंडरला वायर कप (तारांचा गोल ब्रश) लावून घासला असता तर आकड्यांच्या कडाच गेल्या असत्या. वायर कप गंज काढण्यापेक्षा तो चकचकीत करून खड्ड्यांत दाबतो, हे मत आता आणखी पक्कं झालं आहे. हौदानंतर हातात पितळी ब्रश, आणि रंग काढायचा असेल तर ग्राइंडरला काळी नायलॉनची स्ट्रिप डिस्क. एवढ्यावर भागतं. दुसरी गोष्ट बीबी शेलमधला उजव्या बाजूचा फिक्स्ड कप, म्हणजे बेअरिंगची आट्यांची वाटी. आटे डावे असल्यामुळे तो घड्याळाच्या दिशेनेच सुटतो. कपातून जाड बोल्ट घालून आत-बाहेर वॉशर लावले, नट करकचून आवळला आणि त्याच दिशेने फिरवत राहिलं. एकही हातोडा न मारता कप निघाला, आटे शाबूत.

आता फुग्यांकडे. फुगा फोडून आतल्या ओलाव्यावर पीएच पट्टी लावली तर ती आम्लाकडे जाते. पण त्यावरून काहीच ठरत नाही. हौदातलं उरलेलं सायट्रिक असेल तरी आम्ल दिसणार आणि आधीच्या कुठल्या हायड्रोक्लोरिक आम्लातलं किंवा मिठातलं क्लोराइड असेल तरीही, कारण फटीत अडकलेलं आयर्न क्लोराइड ओलावा मिळाला की स्वतःच आम्ल तयार करतं. दोघांना वेगळं करायचं तर सिल्व्हर नायट्रेट हवं. फुग्याची जागा डिस्टिल्ड वॉटरच्या थेंबांनी धुऊन ते पाणी परीक्षानळीत घ्यायचं, साधारण ५ मिली. त्यात आधी पातळ नायट्रिक अॅसिडचे तीन-चार थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन. नायट्रिक वगळू नका. सोडा आणि सायट्रेट दोन्ही सिल्व्हर नायट्रेटबरोबर पांढरं पाडतात, पण नायट्रिकमध्ये ते विरघळतं. क्लोराइडचं विरघळत नाही, आणि उजेडात ठेवलं की जांभळट राखाडी होतं. शेजारी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची नळी तुलनेला ठेवा. नळाचं पाणी इथे चालत नाही, त्यात मुळातच क्लोराइड असतं. हातमोजे घाला, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवरून कित्येक दिवस जात नाहीत.

नळीत दह्यासारखं पांढरं साकळलं. म्हणजे सायट्रिकला दोष देणं हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखं होतं. क्लोराइड आलं कुठून? ही फ्रेम आपल्याकडे येण्याआधी कुणीतरी पावडर कोटिंगला दिली होती, हे सुरुवातीला काढलेल्या फोटोंत दिसतंच. कोटिंगच्या आधीच्या टाक्यांत गंज काढायची एक टाकी असते आणि अनेक ठिकाणी तिच्यात हायड्रोक्लोरिक असतं. पत्र्याच्या उघड्या कपाटाला त्याने काही होत नाही, पुढच्या टाकीत ते धुतलं जातं. सायकलची फ्रेम म्हणजे आतून जोडलेल्या नळ्या आणि लगखाली केसाएवढ्या फटी. तिथे आम्ल शिरतं सहज, धुतलं जात नाही. हार्डवेअरच्या दुकानात बिनलेबलच्या बाटलीत मिळणारं, झाकण उघडलं की नाकात जाणारं ‘रस्ट रिमूव्हर’ बहुधा तेच आम्ल असतं. सुट्या पत्र्याला वापरायचं तर वापरा, लग असलेल्या फ्रेमला चुकूनही नको.

पण फट नेमकी कुठे? लग आणि नळीच्या मध्ये जोडणीचं वितळलेलं पितळ पूर्ण फिरलेलं असेल तर फट नसतेच. जिथे ते अर्धवट फिरलं तिथेच पोकळी राहते. वेल्डिंगवाले टाकीची गळती शोधायला खडू-रॉकेलची चाचणी करतात, तीच इथे लावली. लगच्या सगळ्या कडांना बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून फासली आणि पूर्ण वाळू दिली. रॉकेल आता सहजी मिळत नाही, म्हणून आतून मिनरल टर्पेंटाइन घातलं. डिझेल घालू नका, ते मागे तेलकट थर ठेवतं आणि नंतरचं पाणी फटीत शिरत नाही. काही वेळाने पांढऱ्या खडूवर ओले डाग उमटले : खालच्या हेड लगचं टोक, उजव्या चेन स्टेची वरची कड, आणि सीट लगच्या मागे एक बारीक रेघ, जिथे प्रायमर अजून फुगलेलाही नव्हता. फुगे आणि डाग तंतोतंत जुळले. या कामातला सगळ्यात समाधानाचा क्षण हाच.

पुढचा विचार या डागांवरूनच सुचला. क्लोराइड काढायची नेहमीची रीत म्हणजे पातळ सोड्याच्या पाण्यात भिजत ठेवणं आणि पाणी बदलत राहणं. जुन्या लोखंडी वस्तूंचं जतन करणारे असंच करतात. उघड्या पृष्ठभागाला ते ठीक. पण केसाएवढ्या फटीतून मीठ आपणहून बाहेर यायला फार वेळ लागतो. इलेक्ट्रोलिसिसही (पाण्यात वीज सोडून गंज-मीठ काढणं) इथे लंगडं पडतं. बाहेरच्या अॅनोडचा, म्हणजे धन टोकाच्या सळईचा प्रवाह नळीच्या आत पोचत नाही. सीट ट्यूबमध्ये लोखंडी सळई घालून, ती नळीला टेकू नये म्हणून पाइपच्या चकत्या लावून आतला अॅनोड करता येतो, पण चेन स्टेमध्ये सळई जाणार कशी? (स्टेनलेस सळई अॅनोड म्हणून कुणीही वापरू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.) टर्पेंटाइन मात्र आतून बाहेर आलंच ना? मग धुण्याचं पाणीही त्याच वाटेने ढकलायचं.

म्हणून फ्रेमलाच भांडं केलं. हेड ट्यूबमध्ये टॉर्च मारली तर दोन्ही नळ्यांची तोंडं आतून उघडी आहेत, म्हणजे पुढचा त्रिकोण आणि बीबी शेल एकमेकांना जोडलेले. तुमच्या फ्रेममध्ये ही भोकं नसतील तर प्रत्येक नळी वेगळी हाताळावी लागेल. बीबी शेलच्या दोन्ही तोंडांना जाड रबराच्या चकत्या, त्यांवर मोठे वॉशर, आणि आरपार १२ मिमीची आट्यांची सळई घालून नट आवळले. हेड ट्यूबला तसंच. शेलवरचं तेल घालायचं भोक आणि चेन स्टेच्या टोकाची बारीक भोकं रबरी खुंट्यांनी बंद. सीट ट्यूबच्या तोंडात रबराचं बूच, आणि त्या बुचातून जुन्या ट्यूबचा वॉल्व्ह. बूच तारेने सीट लगला बांधलं नाही तर ते तोंडावर येतं. चष्मा घाला.

आत मावतं सव्वा ते दीड लिटर. पहिली धुलाई २ टक्के धुण्याच्या सोड्याची, म्हणजे दीड लिटरला ३० ग्रॅम, पाणी डिस्टिल्ड आणि साधारण ६० अंश गरम. फ्रेम अशी टांगायची की ज्या लगचं काम चालू आहे तो सगळ्यात खाली येईल. पंपाने अगदी थोडा दाब, ५ पीएसआयच्या आत. जास्त देऊन पाणी वेगाने येत नाही, फक्त चकत्या सुटतात. लगच्या कडेवर घामासारखे थेंब फुटायला लागतात. हे थेंब पुसून टाकायचे नाहीत, ड्रॉपरने टिपून तपासायचे. सुरुवातीचे थेंब पिवळट तपकिरी होते आणि सिल्व्हर नायट्रेटने दुधासारखे झाले. सोडा बदलत गेल्यावर नळीतला ढग हळूहळू विरत गेला. खालचा हेड लग आता तुलनेच्या नळीइतका स्वच्छ आहे, सीट लगही. चेन स्टेची कड अजून हट्ट सोडत नाही. तिथली फट बहुधा आंधळी आहे, म्हणजे टर्पेंटाइन कडेवर आलं ते एका बारीक वाटेने, आणि बाजूला पोकळी तशीच भरलेली. तिथे दाबाऐवजी गरम-गार पद्धत चालू केली आहे : हीट गनने तो भाग पाणी सणसणेल इतका तापवायचा, कडेवर सोड्याचं पाणी सोडायचं, गार होऊ द्यायचं. आतली हवा आकसताना पाणी ओढून घेते, पुढच्या तापवण्यात बाहेर टाकते. संथ काम आहे, पण थेंबांचा रंग उतरतोय.

सोडा आत ठेवून चालणार नाही हेही लक्षात ठेवा. रेड ऑक्साइडचा बाइंडर अल्किड असतो आणि अल्कलीने त्याचा साबण होतो. क्लोराइडच्या फुग्यांतून सुटून सोड्याच्या फुग्यांत म्हणजे आगीतून फुफाट्यात. शेवटी त्याच दाबाने नुसतं डिस्टिल्ड वॉटर, पट्टी ७ च्या आसपास येईपर्यंत, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. अल्कोहोलनंतर लगेच हीट गन लावू नका, पेट घेईल. आधी व्हॅक्यूम क्लीनर उलट्या दिशेने लावून भरपूर वारा, वास गेला की उष्णता.

मूळ बेत इथून पुन्हा रेड ऑक्साइड आणि वर पावडर कोटिंग असा होता. तो आता बदलतोय. फटी स्वच्छ झाल्या तरी त्या उघड्याच आहेत, पुढच्या पावसाळ्यात काहीतरी शिरणारच. पितळ पुन्हा वितळवून भरणं कागदावर बरं दिसतं, पण आत गंजाचे अंश असतील तर नवं पितळ तिथे पसरत नाही, आणि सगळा लग लाल होईपर्यंत तापवावा लागतो. त्याऐवजी झिरपणारं, हिरवं थ्रेडलॉकर (आटे जाम करणारा पातळ डिंक) वापरायचं, लॉकटाइट २९० च्या जातीचं. ते आवळलेल्या आट्यांत बाहेरून झिरपण्यासाठीच बनवलेलं असतं, हवा नसलेल्या जागी धातूच्या संगतीने घट्ट होतं, आणि पितळ शेजारी असल्यामुळे इथे लवकर घट्ट होईल. लग हाताला सोसेल इतका कोमट करून कडेवर थेंब सोडायचे. कडेबाहेर राहिलेलं हवेत ओलंच राहतं, ते अॅसिटोनने पुसल्याशिवाय प्रायमर धरणार नाही. फट ०.१ मिमीपेक्षा रुंद असेल तर हे टिकत नाही, तिथे पातळ इपॉक्सी.

पण त्याची सहनशक्ती १५० अंशांच्या आसपास, आणि पावडर भाजली जाते १८० ते २०० ला. म्हणजे पावडर बाद. खरं सांगायचं तर वाईट वाटत नाही. भोसरीच्या पट्ट्यात पावडरवाले पैशाला पासरी आहेत आणि काम स्वस्तात होतं, पण तो जाड थर लगच्या कोरीव कडा गोल करून टाकतो. शिवाय फ्रेम पुन्हा टाक्यांत बुडणार नाही याची खात्री कोण देणार? आता दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर आणि वर टू-के पीयू (दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग), मूळ काळा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, कापडी मास्क उपयोगाचा नाही, सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज आणि कणांचं फिल्टर असलेला मास्क तरी लागतो, बाहेरून हवा पुरवणारा असेल तर उत्तम.

नळ्यांच्या आतल्या भागासाठी हिरडा. आत ब्रश पोचत नाही, तिथे हलका गंज राहणारच, आणि हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) त्याला काळ्या, टिकाऊ आयर्न टॅनेटमध्ये बदलतं. बी काढलेल्या हिरड्याची भरड १०० ग्रॅम, एक लिटर पाणी, अर्धा तास उकळून कापडाने गाळायचं. लोखंडी कढईत उकळलं तर सगळं टॅनिन कढईच खाते आणि हातात शाई येते, स्टीलचं पातेलं घ्या. काढा आम्लधर्मी असतो, म्हणून तो लग सील झाल्यानंतरच आत फिरवायचा. त्यावर उकळलेलं जवसाचं तेल, पण रंग पूर्ण वाळल्यावर. आधी घातलं तर एखाद्या राहिलेल्या फटीतून तेल बाहेर येऊन इपॉक्सीखाली बसेल. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा उघडी पसरून वाळवा.

हे लिहिताना एक सुचलं. शेलवरचं तेलाचं भोक मी खुंटीने बंद केलं, पण चेन स्टेच्या आंधळ्या फटीसाठी तेच उपयोगी पडेल. सलाइनची नळी त्या भोकात बसवली, फ्रेम उजव्या कुशीवर तिरपी ठेवली, तर रात्रभर थेंब थेंब ताजं पाणी त्या कडेच्या मागून फिरत राहील आणि खालच्या भोकातून निघून जाईल. गरम-गारच्या मधल्या वेळात करून बघायला हरकत नाही. इपॉक्सी प्रायमरखाली हिरवं थ्रेडलॉकर कुणी वापरलं असेल तर अॅसिटोनने पुसल्यावर प्रायमरने कसं धरलं ते सांगा. पुढच्या चाकाच्या चिमट्याचा क्राउनही (वरचा जोड) त्याच हायड्रोक्लोरिकच्या टाकीतून गेलेला आहे, त्याची खडू-चाचणी अजून व्हायची आहे.