ईमचं चर्च: प्लेगच्या गावात एक दिवस (जाणाऱ्यांसाठी टिप्स सकट)

आई तीन महिन्यांसाठी इकडे आलीये, तिला लंडन दाखवून झालं होतं, म्हटलं आता एखादं साधं इंग्लिश गाव दाखवू, म्हणून गेल्या महिन्यात मँचेस्टरहून गाडी काढली आणि डर्बीशरमधल्या ईमला गेलो. स्पेलिंग बघून एयाम वगैरे वाचू नका, तिथे सगळे ईमच म्हणतात, रस्ता विचारताना उपयोगी पडेल.

बहुतेकांना हे 'प्लेगचं गाव' म्हणून माहिती असतं. १६६५ मध्ये लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यात पिसवा होत्या असं मानतात. त्याच्याकडे कामाला असलेला जॉर्ज विकर्स सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात गेला. थंडीत साथ जरा ओसरली आणि पुढच्या उन्हाळ्यात परत भडकली, तेव्हा गावाने ठरवलं की आपण गाव सोडायचं नाही आणि बाहेरच्याला आत घ्यायचं नाही. चौदा महिन्यांत साधारण २६० माणसं गेली. गावात तेव्हा एकूण किती लोक होते यावर वाद आहे, जुन्या पुस्तकांत ३५० लिहितात, आताचे अभ्यासक ७०० च्या वर धरतात.

पण मला सांगायचंय ते सेंट लॉरेन्स चर्चबद्दल, कारण हा निर्णय झाला तो या चर्चच्या दोन पाद्रींमुळे आणि ते दोघं एकमेकांच्या विरुद्ध पक्षातले होते. थॉमस स्टॅनली हा प्युरिटन, म्हणजे चर्चमधले थाटाचे विधी नकोत म्हणणाऱ्या कडव्या पंथाचा, गावाचा लाडका, पण १६६० मध्ये इंग्लंडात राजेशाही परत आल्यावर त्याचं पद गेलं आणि १६६२ च्या कायद्याप्रमाणे नवीन प्रार्थनापुस्तक मान्य करायला त्याने नकार दिला. १६६४ मध्ये त्याच्या जागी विल्यम मोम्पेसन आला, विशीतला पोरगा, गावाला परका. लोक त्याचं ऐकणार कशाला? मग तो स्टॅनलीकडेच गेला. ज्याची खुर्ची गेली तो आणि ज्याला ती मिळाली तो असे दोघं जून १६६६ मध्ये एकत्र गावासमोर उभे राहिले. आणि पहिलं काम काय केलं तर चर्चलाच कुलूप लावलं, गर्दी नको म्हणून, आणि प्रार्थना ककलेट डेल्फ नावाच्या घळीत उघड्यावर सुरू केल्या, प्रत्येक घर दुसऱ्यापासून लांब. चर्चच्या आवारात पुरणंही थांबवलं, ज्याने त्याने आपल्या शेतात, परसात पुरायचं. जंतू हा प्रकार कुणाला माहीत नसताना हे सुचलं याचं मला फार कौतुक वाटतं. गावात मोम्पेसनचं नाव जागोजागी दिसेल, स्टॅनलीचं शोधावं लागतं. आवारात त्याचं स्मारक आहे, ते न बघता परत येऊ नका.

मोम्पेसनने स्वतःची दोन्ही मुलं आधीच बाहेर पाठवली होती, यावरून त्याला आजही बोल लावतात. बायको कॅथरीन मात्र गेली नाही, त्याच्याबरोबर आजाऱ्यांकडे फिरत राहिली आणि ऑगस्ट १६६६ मध्ये गेली. तिचं थडगं चर्चच्या आवारातच आहे. आई तिथे बराच वेळ उभी होती, मग म्हणाली "आपल्या सावित्रीबाई अशाच गं." खरंच आहे, १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. मग गाडीत बसेपर्यंत आई तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगत होती, उंदीर पडायला लागले की अख्खं गाव घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला जायचं. आपल्याकडे बाहेर पडून वाचले आणि इथले लोक आत राहिले, शेजारची गावं वाचावीत म्हणून.

चर्चमध्ये घाई करू नका, निदान एक तास ठेवा. आत जायला तिकीट नाही, दानपेटी आहे, त्यात टाका, एवढी जुनी वास्तू सांभाळायला पैसा लागतो. प्लेगमध्ये गेलेल्यांची नावं आत लावलीत, एकेक आडनाव सात-आठ वेळा येतं. भिंतीवर चुन्याखाली सापडलेली जुनी चित्रं आहेत, बायबलमधल्या इस्रायलच्या वंशांची चिन्हं. बाहेर आठव्या शतकातला सॅक्सन क्रॉस, त्याच्या खांबाचा एक तुकडा गायब आहे. दक्षिणेच्या भिंतीवर १७७५ ची सूर्यघड्याळ आहे, नुसती वेळ नाही तर जगातल्या लांबच्या ठिकाणांच्या वेळाही कोरल्यात, ती वर बघितल्याशिवाय दिसत नाही. क्रिकेटवाल्यांनी हॅरी बॅगशॉची कबर शोधा, दगडावर उडालेल्या स्टंप्स आणि वर अंपायरचं बोट!

चर्चशेजारी प्लेग कॉटेजेस आहेत, साथ सुरू झाली ती घरं, पण तिथे लोक राहतात, खिडकीतून डोकावू नका. म्युझियम पाच मिनिटांवर, समोरच पार्किंग. हिवाळ्यात बंद असतं, त्यामुळे निघायच्या आधी वेळा बघा. गाडी नसेल तर शेफील्डहून बस आहे, पण परतीची वेळ आधीच लिहून ठेवा, गाड्या कमी आहेत. ऑगस्टचा शेवटचा रविवार प्लेग संडे, प्लेगमध्ये गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस, तेव्हा चर्चपासून घळीपर्यंत मिरवणूक जाते. गर्दी चालणार असेल तर तोच दिवस धरा.

रायली ग्रेव्ह्ज गावाबाहेर, चढ आहे, आईला थांबत थांबत नेलं. शेतात गोल दगडी भिंत आणि आत हँकॉक कुटुंबाच्या सात जणांचे दगड. एलिझाबेथ हँकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली. तिथे आम्ही दोघी काही बोललो नाही.

शेवटी बाउंड्री स्टोन, म्हणजे हद्दीचा दगड, शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या वाटेवर. ही वाट चिखलाची, बूट चांगले घाला. साधा धोंडा आहे, वर सहा भोकं. रोग नाण्यांतून पसरू नये म्हणून गावकरी त्यात व्हिनेगर ओतून नाणी ठेवायचे आणि बाहेरचे लोक ती घेऊन जेवणखाण ठेवून जायचे. मी एका भोकात बोट घातलं, पावसाचं गार पाणी होतं आणि कडा झिजून गुळगुळीत झालेली. लोक अजून नाणी ठेवतात, पेनी, युरो. आईने पर्स उघडून तळाशी राहिलेलं दोन रुपयाचं नाणं काढलं आणि शेवटच्या भोकात ठेवलं.