जलरंग सराव: वाईचा घाट, फक्त तीन टोनमध्ये

सध्या रंगपेटी बाजूला ठेवली आहे. वाईच्या गणपती घाटाचे थंबनेल, म्हणजे चित्राआधीचं छोटं कच्चं रेखाटन, काढतोय, काडेपेटीएवढ्या चौकटीत आणि तीनच टोनमध्ये: कोरा कागद, मधला करडा, गडद. हातात ६बी पेन्सिल, बाकी काही नाही.

घाट निवडायचं कारण म्हणजे तिथे सगळंच रंगवावंसं वाटतं. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, पुराचं पाणी कापलं जावं म्हणून माशाच्या आकारात बांधलेली त्याची मागची भिंत, पायऱ्या, झाडं, कृष्णेचं पाणी. अशा ठिकाणी कॉम्पोझिशन, म्हणजे चित्राची मांडणी, म्हणजे मुख्यतः काय सोडायचं ते ठरवणं. पुठ्ठ्यात ११ × १५ इंची कागदाच्या प्रमाणातली खिडकी कापून घेतली, तिच्यातून बघितलं की निम्मी गर्दी तिथेच गळते.

तृतीयांशाचा नियम (चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेवायची) सगळेच आधी शिकवतात. माझ्या मते तो शेवटी तपासायचा. आधी टोनचे मोठे आकार जुळले पाहिजेत. हे नीट कळलं ते जपानी चित्रकार होकुसाईच्या कानागावाच्या लाटेची तीन टोनमध्ये नक्कल करताना. साधारण १८३१चं हे लाकडी ठशाचं चित्र. लाट केवढी अजस्र आणि मागचा फुजी डोंगर किती चिमुकला, तरी नजर फुजीपाशी जातेच! लाटेच्या पोटातली पोकळी नजरेला तिकडे वळवते हे खरं, पण डोंगराच्या मागचं आकाश गडद करडं आहे, म्हणून माथ्यावरचा बर्फ उठून दिसतो. ते आकाश कोरं ठेवून पाहिलं, तर फुजी जवळजवळ हरवलाच. शिवाय अलीकडच्या छोट्या लाटेचा आकार थेट फुजीसारखा आहे. एकच आकार दोनदा, एकदा जवळ आणि एकदा दूर. काय नजर असेल त्या माणसाची!

हेच घाटावर लावतोय. ऊन मागून आलं की देऊळ आणि झाडं मिळून एकच गडद आकार होतो. त्याला लागून उन्हातल्या पायऱ्यांचा एक तुकडा कोरा सोडला की चित्राचा केंद्रबिंदू तिथेच तयार होतो, शिखराचं नक्षीकाम करायची गरजच उरत नाही. अडचण पायऱ्यांच्या आडव्या रेघांची. त्या नजरेला सरळ चौकटीबाहेर घेऊन जातात. डाव्या कडेला झाडाची सावली तिरकी पाडली की नजर आत परतते. माणसं तीन ठेवतोय, दोन जवळजवळ आणि एक लांब. सारख्या अंतरावर उभी केली की कवायत वाटते.

पाण्याचं मात्र अजून ठरत नाहीये. एक-तृतीयांश दिलं तर देवळाला वजन येतं, अर्धा कागद दिला तर प्रतिबिंबच मुख्य विषय होऊन बसतं. मला दुसरं जास्त आवडतंय. पुढच्या वेळी त्यावरच पहिला वॉश (पातळ रंगाचा थर) टाकणार आहे, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी एवढ्या दोनच रंगांत. तुमच्यापैकी कुणी नदीकाठ रंगवला असेल तर पाण्याला किती जागा दिलीत, ते जरूर सांगा.