रिपोर्ट सेन्सिटिव्ह, तरी ताप हटेना

आयसीयूच्या रेसिडेंटने त्या दिवशी सॅम्पलच्या डबीऐवजी अख्खी एंडोट्रॅकियल ट्यूबच (व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत घालतात ती नळी) लॅबमध्ये आणली, आणि वर मला विचारतो, "मॅडम, तुमचा रिपोर्ट नक्की बरोबर आहे ना?" राग यायला हवा होता, पण प्रश्न रास्त होता. पेशंट बरेच दिवस व्हेंटिलेटरवर, श्वासनलिकेतल्या स्रावात स्यूडोमोनास हा जंतू, आणि आमच्या रिपोर्टात सेफ्टाझिडिम, मेरोपेनेम, अमिकासिन या सगळ्या अँटिबायोटिकपुढे सेन्सिटिव्ह, म्हणजे यांनी जंतू मरायला हवा. औषध चालू असलं की ताप उतरायचा, कोर्स संपला की परत चढायचा, परत एक्स-रेवर पांढरे डाग, परत तोच जंतू. सकाळी ट्रेकिऑस्टॉमी झाली (गळ्याला छेद देऊन तिथून श्वासाची नळी घातली), जुनी ट्यूब निघाली, आणि ती कचऱ्यात जायच्या आधी या पठ्ठ्याने उचलली.

सेफ्टी कॅबिनेटमध्ये ब्लेडने उभी चिरली. बाहेरून बरी दिसत होती, आत मात्र खालच्या टोकाकडे पिवळट-हिरवा थर, सलाईनने दोनतीनदा धुतला तरी जागचा हलेना, खरवडला तेव्हा ब्लेडला तारा सुटल्या. सगळीकडे सारखाही नव्हता, कुठे पातळ, कुठे गुठळ्या, आणि कफ ओढायचा सक्शन कॅथेटर जिथून घासत जातो तिथे ओरखडे. तिथले तुकडे गेले कुठे, तर काही सक्शनमध्ये वर आले असतील आणि काही सरळ खाली फुप्फुसात. स्लाइडवर स्यूडोमोनासच्या गुलाबी काड्या सुट्या दिसतच नव्हत्या, फिकट लगद्यात झुंबडीने रुतलेल्या होत्या.

हीच बायोफिल्म. जंतू एकदा पृष्ठभागाला चिकटले की साखरेचे लांब रेणू, प्रोटीन, डीएनए असं बरंच काही बाहेर सोडतात आणि त्यातच राहतात, एकमेकांना रासायनिक निरोपही देतात. प्लास्टिकवर हे सुरू व्हायला काही तास पुरतात.

रेसिडेंटला खात्री होती की ट्यूबवरचा जंतू रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारा निघणार. मलाही थोडी उत्सुकता होतीच. खरवडलेला माल नीट मोकळा करून, प्लेटवर वाढवून सेन्सिटिव्हिटी लावली, तर दुसऱ्या दिवशी परत सगळं सेन्सिटिव्ह! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण मी त्याच ट्यूबचा एक तुकडा न खरवडता मेरोपेनेम घातलेल्या ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रवात) रात्रभर ठेवला होता, एमआयसीच्या, म्हणजे जंतूची वाढ थांबवणाऱ्या कमीत कमी प्रमाणाच्या, कित्येक पट डोस घालून (रिपोर्टसाठी नाही, माझ्या समाधानासाठी). तो धुऊन, खरवडून प्लेटवर पसरला, आणि पुढच्या सकाळी प्लेटवर हिरवी झाक असलेल्या कॉलनी छान उगवलेल्या.

म्हणजे जंतू तोच, औषध तेच, फरक फक्त तो राहतो कसा याचा. थराच्या वरचे जंतू ऑक्सिजन खाऊन टाकतात, आतल्यांना मिळत नाही, मग ते जवळजवळ वाढायचेच थांबतात, आणि मेरोपेनेमसारखी औषधं वाढत्या जंतूला मारतात, स्वस्थ पडलेल्याला फारसं काही करत नाहीत. अमिकासिनच्या गटातली औषधं तर त्या लगद्यातच अडकतात. आमची टेस्ट मात्र होते ब्रॉथमध्ये मोकळ्या पोहणाऱ्या जंतूंवर. ती खोटी नाही, तिला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे. एरवी ट्यूब नसतानाही हे होतंच, सिस्टिक फायब्रोसिस किंवा ब्रॉन्किएक्टेसिस अशा फुप्फुसात घट्ट कफ साचणाऱ्या जुनाट आजारांच्या पेशंटमध्ये स्यूडोमोनास त्या कफातच वस्ती करतो, अल्जिनेट नावाचे साखरेचे लांब रेणू बनवून चिकट होतो, कॉलनी अगदी शेंबडासारखी ओघळते, आणि मग वर्षानुवर्षं जात नाही. म्हणून तिथे टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक श्वासातून देतात, थेट जागेवर औषध जास्त पोचावं म्हणून.

आमच्या पेशंटचा ताप त्यानंतर उतरला आणि या वेळी परत आला नाही. ट्यूब गेली म्हणून की अँटिबायोटिकचा नवा कोर्स चालू होता म्हणून, हे एका केसवरून मी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि ताप आला की ट्यूब बदला असा नियम तर मुळीच नाही, बदलताना धोका असतो.

रेसिडेंट मात्र पेटला होता. पुढच्या आठवड्यात त्याने प्रत्येक निघालेली ट्यूब कल्चरला (जंतू वाढवून बघायला) पाठवायचा सपाटा लावला, शेवटी फोन करून सांगावं लागलं, अरे बाबा, थांब आता, बहुतेक ट्यूबवर काही ना काही थर सापडणारच, नुसता तो रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून कुणाला अँटिबायोटिक सुरू करू नकोस.